कुमुदची दाढ आणि चाळभरची औषधं

घरात दुखणं आलं की औषधाआधी माणसं जमतात, आणि माणसं गेली की किस्से उरतात. आम्ही अंधेरीच्या चाळीत असताना माझ्या सहा वर्षांच्या लेकीची, कुमुदची, किडलेली दाढ काढली, तेव्हाचे एवढे साठलेत की विचारू नका!

दाताच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा. बाकी जखमेला काही म्हणजे काही लावू नका. चिघळेल!"

त्यातलं 'चिघळेल' तेवढं मी घरी घेऊन आले.

*

पहिल्या आल्या शेजारच्या लक्ष्मीकाकू. "लवंगेचं तेल लाव गं! डॉक्टरांना काय कळतंय!"

मी मॅट्रिक पास, पण रक्त म्हटलं की डोळे आपोआप मिटतात. डोळे मिटूनच बोळा टेकवला. कुमुदच्या किंकाळीने खालचा अख्खा मजला वर आला.

येताना आपापली औषधं घेऊन!

*

खालच्या गोविंदरावांचा काढा पेरूच्या पाल्याचा, त्यांच्या बायकोचा बाभळीच्या सालीचा. जिन्यातच जुंपली.

"तुमच्या पेरूने माझी हिरडी सुजली होती!"

"हिरडी नव्हे, जीभ! ती कायमचीच सुजलेली!"

दोन्ही पातेली माझ्या दारात. कुणाला वाईट वाटायला नको म्हणून मी डोळे मिटून दोन्हींचे बोळे लावले!

*

वेसाव्याची हिराबाई मासळीची पाटी उतरवून म्हणाली, "बाय, दगडी पाला वाटून लाव. कोयत्याची जखम भरते."

"अगं, पण ही तोंडातली आहे!"

"मग बारीक वाट!"

*

संध्याकाळी हे ऑफिसातून आले. ओट्यावर वाट्याच वाट्या. "शिकलेली ना तू? लोकांना नाही म्हणता येत नाही?"

"नाही!"

यांना मात्र मला झटकन म्हणता आलं.

*

सासूबाईंना मोतीबिंदू. त्या बोटाने चाचपत हळद-तूप चेपायच्या. "इथे, आजी," म्हणत कुमुद स्वतःच गाल ताणून धरायची. हूं नाही की चूं नाही! त्या लवंगेनंतर पोर इतकी शहाणी झाली, की मला धसकाच बसला. जबडा बधिर तर नाही झाला? सेप्टिक तर नाही?

*

आठव्या दिवशी आम्ही तिघी डॉक्टरांकडे. त्यांनी टॉर्च मारला.

"वा! जखम अगदी स्वच्छ भरलीये. काही लावलं नाहीत ना?"

सासूबाई पदर सावरून म्हणाल्या, "माझी हळद!"

डॉक्टर आणखी वाकले. "पण ही पलीकडची धडधाकट दाढ एवढी पिवळी कशाने झाली?"

कुमुद म्हणाली, "मी सगळ्यांना तीच दाखवायची!"