झडपेची खाच

फट दिसली की कुलूपवाल्याला चैन पडत नसे. शेजारच्या शिंप्याकडे एकदा तो चहाला गेला, तर शिंप्याच्या कपाटाचं दार नीट लागत नाही हे त्याच्या नजरेला पडलं. झालं! घरी जाऊन कानस घेऊन आला आणि दार घासत बसला. चहाचं पार पाणी झालं, शिंप्याच्या बायकोनं दोनदा तो गरम केला, पण हा गडी दार ‘टक्’ असं लागल्याशिवाय हलला नाही. "बंद म्हणजे बंद," हे त्याचं लाडकं वाक्य. उघड्या दारावर, सैल झाकणावर, मिटत नसलेल्या सुटकेसवर तो ते फेकून मारायचा. सगळा जन्म कुलपं बनवण्यात गेला होता, तेव्हा त्याला नावं ठेवण्यातही अर्थ नाही म्हणा. नावं ठेवायची ती पुढच्या गोष्टीला.

त्याच्या घरी लोखंडी शेगडी होती. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, याची तेवढी लोखंडी. पुढच्या खोलीत कोपऱ्यात चार पायांवर उभी, समोर काचेचं दार, आणि डोक्यावरून धुराचा नळ निघून छपरातून बाहेर गेलेला. त्या भागात थंडी अशी, की रात्री शेगडी विझली तर सकाळी बादलीतल्या पाण्यात हात घालवत नाही. ही शेगडी त्यानं स्वतः विकत आणली, स्वतः बसवली. मिस्त्री बोलवायला बायको म्हणाली होती. "मिस्त्री मला काय शिकवणार?" म्हणून त्यानं तो विषय संपवला. शेगडीबरोबर सूचनांचा कागद आला होता, तो त्यानं पहिला जाळ पेटवायला वापरला.

आता या शेगडीच्या नळात एक झडप असते. गोल पत्रा, बाहेर मूठ. मूठ फिरवली की पत्रा आडवा होतो आणि वर जाणारी ऊब अडते. कुलूपवाल्यानं नळ जोडायच्या आधी ती झडप हातात घेतली आणि त्याचं डोकंच सणकलं. पत्र्याच्या कडेला एक खाच होती, लहान मुलानं बिस्किटाचा तुकडा मोडावा तशी. म्हणजे झडप पूर्ण बंद केली तरी फट राहणारच!

"कारखान्यात काय आंधळे बसलेत?" तो म्हणाला. आणि बसला कामाला. खाचेच्या मापाचा पत्रा कापला, कडा घासल्या, दोन रिव्हेटा मारल्या. ठिगळ असं बेमालूम बसवलं, की बोट फिरवलं तरी जोड लागू नये. काम बघून त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

आणि शेगडी चाललीही झकास! झोपताना एक जाडजूड ओंडका आत सारायचा, झडप गच्च बंद करायची, की तो ओंडका जळायच्या ऐवजी नुसता धुमसत राहायचा. सकाळी राख बाजूला केली की खाली निखारे जिवंत. गल्लीत याला फार मान. सकाळी ज्याला काडी ओढावी लागत नाही, तो खरा संसारी, असं तिथले जुने लोक मानत. शिंप्याच्या घरी तीन ओंडके खाऊन शेगडी पहाटे थंड पडायची. कुलूपवाला मुद्दाम फडताळातली काडीपेटी त्याला दाखवायचा, "ही बघ, थंडी सुरू झाल्यापासून उघडली नाही." शिंपी त्याला ‘एका ओंडक्याचा धनी’ म्हणायला लागला. चिडवायला म्हणायचा, पण याला ते बिरुद वाटायचं.

बायकोची खाट शेगडीला लागूनच. तिचे गुडघे धरायचे, ऊब लागायची. कुलूपवाला स्वतः मागच्या कामाच्या खोलीत झोपे, कारण त्याचं घोरणं. "ह्यांच्या घोरण्यानं विकायची कुलपं उघडतील एखाद दिवशी," असं ती सगळ्यांना सांगायची. फार हसरी बाई. सकाळी मात्र ती हसत नसे. डोकं धरून खाटेवर बसायची. खोकायची. मग हळूहळू भिंतीला धरून उठायची आणि चहा टाकायची.

"काय, आज पण डोकं का? काम दिसलं की तुझं डोकं उठतं," हा म्हणायचा. चेष्टेनं हं. पण रोज म्हणायचा.

तिला कोंडल्यासारखं व्हायचं म्हणून ती रात्री डोक्यामागची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. सकाळी ह्याच्या ते लक्षात आलं. इकडे मी एका ओंडक्यात रात्र काढतो आणि ही बाई ऊब गल्लीत फुंकतेय! त्यानं खिडकीला नवी खिट्टी बसवली, इतकी घट्ट, की तिच्या बोटांना ती हलेना. दोन रात्री तिनं खटपट केली, मग सोडून दिलं.

एका सकाळी चहा ओतता ओतता ती खाली कोसळली.

दवाखान्यात तिच्या नाकातोंडावर प्राणवायूची नळी लावली. ती हळूहळू डोळे उघडायला लागली. डॉक्टरबाई तरुण होती, पण प्रश्न नेमके विचारत होती. रक्त तपासायला पाठवलं होतं. "काका, घरात धूर होतो का? शेगडी वगैरे आहे? कधी कधी धूर दिसतही नाही, वासही येत नाही, पण आत येत असतो."

कुलूपवाल्याला वाटलं, ही आपल्या कामाला नाव ठेवतेय. "शेगडी आहे. पण मी स्वतः बसवलीय ती. तिच्यातून धुराची रेघसुद्धा बाहेर येत नाही."

"नळ साफ केलाय ना? कुणाकडून तपासून घेतलीत?"

"हो तर! सगळं तपासलंय," तो म्हणाला. साफ खोटं. नळ बसवल्यापासून त्यानं तो एकदाही उतरवला नव्हता. बायकोनं नळीच्या आडून त्याच्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं.

आईचं कळल्यावर लेक तातडीनं आली. दुसऱ्या गावी तिचा संसार, प्रवास लांबचा. दमली होती. रात्री आईच्याच खाटेवर आडवी झाली. कुलूपवाल्यानं लेकीसाठी चांगला जाड ओंडका निवडला, झडप बंद केली. "काय छान ऊब आहे हो बाबा," असं म्हणत ती पोर झोपली.

सकाळी तो बाहेरच्या खोलीत आला तर लेक खाटेवर बसलेली. दोन्ही हातांनी डोकं धरून. अगदी तशीच. रोज तिची आई बसायची तशीच.

"बाबा, डोकं फुटतंय. मळमळतंय पण."

कुलूपवाल्याची नजर शेगडीकडे गेली, मग खिट्टीकडे गेली.

"प्रवासाचा शीण असेल," लेक आपणच म्हणाली.

"असेल, असेल. शीणच असेल," तो घाईघाईनं म्हणाला. आणि हे वाक्य त्याच्या तोंडून इतक्या सहज निघालं, की त्याला स्वतःचीच भीती वाटली.

बाहेरच्या हवेत लेकीला बरं वाटलं. ती दवाखान्यात गेल्यावर त्यानं शेगडी विझवली, राख काढली, नळ उतरवला. आतून काजळी डांबरासारखी चिकटून वाळली होती, थरावर थर. एवढा मोठा नळ, पण आत बाईची बांगडी जाईल एवढीच वाट उरलेली. ओंडका धुमसत ठेवला की असंच होतं, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मग हातात झडप आली. ठिगळ अजून चकचकीत बसलेलं होतं. ती खाच कशासाठी होती, ते त्याला आता कळलं. माणूस झडप बंद करून झोपणार, हे कारखान्यातल्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी धुराला जायला वाट ठेवली होती. तेवढीच वाट यानं रिव्हेटा मारून बुजवली. वरचा रस्ता बंद, मग तो धूर जाणार कुठं? खोलीत. खाटेकडे. आणि खिडकीला खिट्टी!

तो तिथंच फरशीवर बसला. "मीच केलं," तो मोठ्यानं म्हणाला. ऐकायला घरात कुणी नव्हतं, म्हणून म्हणू शकला.

मग छिन्नी घेतली आणि रिव्हेटा उडवल्या. नळ घासून घासून आतला पत्रा दिसेपर्यंत साफ केला. शेगडीच्या दाराच्या कडेची, फट बुजवणारी झिजलेली दोरी बदलली. खिट्टी काढून फेकली. सगळं झाल्यावर हात धुताना त्याच्या मनानं त्याला समजावलं: झालं ते झालं, आता दुरुस्त झालंय ना, मग कुणाला सांगायची काय गरज? माणसाचं मन फार लबाड असतं बघा.

दवाखान्याच्या दारातच सिस्टरनं त्याला बाजूला घेतलं. "काका, रागावू नका. पण घरी गेल्यावर काकूंच्या सिगारेटी आधी बंद करा."

"कसल्या सिगारेटी?"

"त्यांनी कबूल केलंय डॉक्टरांजवळ. त्यांच्या रक्तात धुराचा विषारी वायू निघाला. शेगडी तर तुम्ही तपासलीय म्हणालात. मग त्यांना एकटीला विचारलं, तर म्हणाल्या, चोरून ओढते मी, ह्यांना माहीत नाही."

जिला उदबत्तीचासुद्धा ठसका लागतो, ती बाई! आत वॉर्डात लेक आईला फैलावर घेत होती. "या वयात? आई, तुला लाज कशी वाटली नाही? आम्हाला लहानपणी काय काय शिकवलंस तू!" आणि ती माउली मान खाली घालून "चुकलं गं बाई" म्हणत होती. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कान टवकारून ऐकत होती.

हा दारात उभा राहिला. बायकोनं मान वर करून त्याला पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं.

आणि तो गप्प राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते समोर बघत उभा राहिला. सांगताना मलाही बरं वाटत नाही, पण तसंच झालं. घरी येऊन त्यानं भाताची दोन शितं खाल्ली आणि ताट सारलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचा काय दोष?" तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बायकोला घरी सोडणार होते. डॉक्टरबाई तिला समजावत बसली होती. सिस्टर, लेक, सगळे भोवती. "काकू, एकही ओढायची नाही. फुप्फुसं आधीच नाजूक झालीत. पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. शपथ घ्या लेकीची."

लेकीची शपथ म्हटल्यावर बायकोचा हात अडला. खोट्यापायी लेकीच्या डोक्यावर हात कसा ठेवणार? ती नुसती चादर चिमटीत धरून बसली.

"ती ओढत नाही," कुलूपवाला म्हणाला.

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली.

"जन्मात तिनं सिगारेट हातात धरली नाही. मी खोटं बोललो डॉक्टर. नळ मी कधी साफ केला नव्हता. आणि हे..." त्यानं खिशातून पत्र्याचं ते ठिगळ काढलं आणि खाटेवर ठेवलं. "हे मी झडपेला मारलं होतं. धुराची वाट मीच बुजवली. खिडकीही मीच बंद केली. ती रोज डोकं धरून उठायची आणि मी तिला कामचुकार म्हणायचो."

डॉक्टरबाईनं ते ठिगळ उचलून पाहिलं. "मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"त्या गेल्या असत्या."

"हो," तो म्हणाला.

लेकीला सगळं उमगायला क्षणभर लागला. "आणि परवा मी त्याच खाटेवर झोपले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, शीणच असेल." मग ती बापाकडे न बघता आईच्या पिशव्या भरायला लागली.

सगळ्यात जास्त भडकली ती बायको. "काय गरज होती चार लोकांत सांगायची? ह्या डॉक्टरबाईनं शेगडीचं विचारलं तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं सगळं. पण तुम्ही हिच्या तोंडावर नाही म्हणून बसलात. मग तुम्हाला खोटं पाडू का मी? सगळं निभावलं होतं मी. घरी गेल्यावर मुकाट्यानं नळ साफ करून घेणार होते. दोन दिवस ह्या पोरींची बोलणी खाल्ली, ती फुकट गेली की हो!" आणि बोलता बोलता तिला खोकला आला. कुलूपवाला पाणी घेऊन पुढं झाला, पण पेला लेकीनं त्याच्या हातातून घेतला.

त्या रात्री घरी त्यानं शेगडी पेटवली. सुकी लाकडं, मोठा जाळ, झडप उघडी. बायकोच्या डोक्यामागची खिडकी बोटभर उघडी. त्यानं तीन ओंडके घातले, आणि ते तिन्ही मिळून रात्रभर काही पुरले नाहीत. सकाळी राख गार होती. दारावरून जाताना गार शेगडी बघून शिंप्यानं हाक मारली, "काय धनी, आज निखारे उसने पाहिजेत काय?" फडताळातली काडीपेटी घेऊन कुलूपवाला शेगडीपुढं उकिडवा बसला.

मागं खाट करकरली. बायको उठून बसली होती. सवयीनं तिचे दोन्ही हात कपाळाकडे गेले, थोडा वेळ तसेच राहिले, मग खाली आले. तिनं मान एकदा डावीकडे हलवून पाहिली, एकदा उजवीकडे.

"अहो," ती म्हणाली. रुसवा विसरलीच होती, आवाजात नुसतं नवल. "आज डोकं दुखत नाही."

"हं," तो म्हणाला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

"अजिबात नाही हो. मला आपलं वाटायचं, वय झालं की सगळ्यांचंच सकाळी असं दुखत असेल."

काडी त्याच्या हातात होती. ती काही केल्या त्याला ओढता येईना.