मोजे काढायला कुणी सांगितलंच नाही

"आँखें बंद कीजिए. धागा लगे तो हाँ बोलिए," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि माझ्या तळपायाकडे वाकल्या. मी डोळे मिटून वाट पाहत राहिलो. शेवटी वैतागून म्हटलं, "शुरू कीजिए ना."

"हो गया, अंकल. दोनों पैर."

न्यूरोपथी, म्हणजे साखरेमुळे नसा बधिर होणं. दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्यात, नायलॉनच्या एका धाग्याने मला हे कळलं.

त्याआधी सात वर्षं कंपनी मला गुडगावच्या एका काचेच्या हॉस्पिटलात दरवर्षी तपासणीला पाठवायची. मानेसरच्या कारखान्यात मी गाड्यांच्या सुट्या भागांची क्वालिटी बघायचो. हॉस्पिटलात संगमरवर, कारंजं, कॉफी. ईसीजी, एक्स-रे आणि शेवटी सोनेरी अक्षरांची फाइल. पण मधुमेहाच्या पेशंटला मोजे काढायला तिथे कुणी सांगितलं नाही. डॉक्टरांच्या टायची घडी मोडली असती बहुधा.

सरकारी दवाखान्यात मला बायकोने, सुनंदाने नेलं. घरात चालताना माझी चप्पल निसटली आणि मी तसाच पुढे गेलो, हे तिने पाहिलं होतं. "अहो, कळलंसुद्धा नाही तुम्हाला?"

अंगठ्याखालच्या घट्ट्याभोवती डॉक्टरबाईंनी पेनाने गोल काढला. "ज़ख़्म यहीं होगा. तंग जूते मत पहनिए. पैर रोज़ देखिए."

"ज्योतिषीणच आहे," जिन्यात मी सुनंदाला म्हटलं. शहाणा कुठला!

पंधरा दिवसांनी कारखान्यात परदेशी पाहुणे आले. मी नवेकोरे इंपोर्टेड बूट घालून दिवसभर मिरवलो. संध्याकाळी मोजा रक्ताने चिकटलेला. जखम नेमकी त्या गोलाच्या जागी.

काचेच्या हॉस्पिटलात फोन केला. "सर, फूट एग्ज़ाम आपके पैकेज में नहीं है." म्हणजे मी घोट्यापर्यंतच त्यांचा पेशंट!

पुन्हा सरकारी बाकावर जाऊन बसलो. डॉक्टरबाईंनी एकही टोमणा मारला नाही. मेलेली कातडी काढली, जखमेवर भार पडू नये म्हणून पायाला प्लास्टर घातलं. ते दर आठवड्याला बदलायचं.

बाकावर शेजारी एक रिक्षावाले बसायचे. त्यांचा अंगठा कापावा लागला होता. एकदा म्हणाले, "हमें तो किसी ने बताया नहीं, भाईसाब. आपको?"

मला तर पेनाने गोल काढून सांगितलं होतं. तोवर सगळी घृणा त्या हॉस्पिटलासाठी राखून ठेवली होती. त्यातला मोठा वाटा माझाच होता.

अडीच महिन्यांनी जखम भरली. त्या बाईंमुळे पाय वाचला.

पुढच्या तपासणीला काचेतला डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत बोलत होता. मी मोजा काढून पाय समोरच्या खुर्चीवर ठेवला.

"सर, ये क्या?"

"पैर है. देखिए."

तो चरफडला. मग वाकला.

तुमचाही डॉक्टर वाकेल. मोजे मात्र तुम्हालाच काढावे लागतील.