आत्याबाई रुसल्या

भाच्याचं लग्न नेमकं माझ्या तिसऱ्या केमोनंतर चौथ्या दिवशी आलं. आतड्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता दर दोन आठवड्यांनी नगरला जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं होतं. त्या औषधाची एक विचित्र खोड होती. गार वस्तूला हात लावला की बोटांना करंट बसायचा आणि गार पाण्याचा घोट घेतला की कुणी गळा आवळावा तसा घसा बंद व्हायचा. "पाच-सहा दिवस गार काही नको, हातमोजे वापरा," डॉक्टरांनी सांगितलं होतं. आष्टीत मे महिन्यात माणसं माठाला पाठ लावून बसतात, आणि मी लोकरीचे मोजे घालून फ्रीजमधून दूध काढत होते.

लग्नाला जायला डॉक्टरांनी हो म्हटलं. अट घातली ती दादाने, म्हणजे नवरदेवाच्या बापाने. "तिकडं आजाराचं काढू नको बरं. एकदा बोलणं निघालं की नवरा-नवरी बाजूला अन् सगळा मांडव तुझ्याभोवती." मला पटलं. मलाही कुणी हळहळलेलं नकोच होतं.

नवरीच्या गावी, नांदूरघाटला उतरलो आणि लक्षात आलं, गरम पाण्याचा थर्मास घरी ओट्यावरच राहिलाय. अंगावर जरीची साडी, हातात मरून रंगाचे लोकरी मोजे, तोंडाला मास्क, अशी मी मांडवात शिरले. नवरीची आई सामोरी आली. हातात लिंबू सरबत, वर बर्फाचे खडे.

"घ्या आत्याबाई."

"नको, खरंच नको."

"घोटभर तरी."

"अजिबात नको."

तिचा चेहरा पडला. मी खुर्चीत जाऊन बसेपर्यंत नवरदेवाची आत्या रुसल्याची बातमी आचाऱ्यापर्यंत पोचली होती. आमच्याकडे वरपक्षाच्या आत्याचा रुसवा म्हणजे थट्टा नव्हे. आधी नवरीचे चुलते मठ्ठा घेऊन आले, त्यात बर्फ. "आमचं काय चुकलं का?" मग दोन मावश्या कुल्फी घेऊन आल्या. प्रत्येक माफी आधीच्या माफीपेक्षा गार होती.

माझे यजमान मदतीला धावले. "तिला उन्हाची ॲलर्जी हाय," त्यांनी जाहीर केलं.

नवरीचे आजोबा बाजूलाच बसले होते. त्यांनी माझे मोजे नीट पाहिले. "उन्हाची हाय, तर मग थंड कावून घेत न्हाईत?"

 यजमान बँडवाले बघायला निघून गेले.

शेवटी नवरीचे वडील स्वतः आले. हात जोडून म्हणाले, "राग सोडा, तोंड गोड करा." जिलेबी कढईतून नुकती निघालेली, गरम होती. मी आनंदाने मास्क खाली केला आणि तुकडा तोंडात टाकला. पण त्या औषधाची दुसरीही एक खोड होती. पहिल्या घासाला जबड्यात कळ यायची. माझं तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. 

"जिलेबी बी पसंत न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

दहा मिनिटांत एक हिरवी साडी आणि नारळ आला. दादा घाईने माझ्या कानाशी लागला. "घे अन् मोकळी हो. त्यांच्या जिवाला घोर लागलाय."

"दादा, मी रुसलेच नाहीये!"

"ते तुला अन् मला माहीत."

ओटी घ्यायची म्हणून मी मोजे काढले आणि साडी घेतली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, माझ्या दोन चुलतबहिणी सोडून. त्याही नवरदेवाच्या आत्याच. "आमी गोड बोललो म्हणून आमाला काय न्हाई व्हय?" असं म्हणून त्या खुर्च्या उलट्या फिरवून बसल्या. आता मांडवात दोन खऱ्या रुसलेल्या आत्या होत्या.

तेवढ्यात नवरीच्या आईने मला हाताला धरून घरात नेलं आणि दार लोटलं. "आता तरी माझ्या हातचं पाणी घ्या," म्हणत तिने बर्फाच्या पाण्याचा स्टीलचा पेला माझ्या उघड्या हातात दिला. मी किंचाळले. पेला उडाला आणि सगळं पाणी तिच्या नव्या शालूवर.

मग लपवण्यात काही अर्थ उरला नाही. मी तिला आतडं, सलाईन, करंट, जबडा सगळं सांगितलं. ती भिंतीला टेकून खालीच बसली. मला वाटलं, आता रडेल. पण ती हसायलाच लागली, पदर तोंडात कोंबून हसली.

"अगं बाई! मी सकाळपासून मरायले हितं. मला वाटलं, नवरदेवाची अंगठी तुमाला हलकी वाटली!"

हसू आवरल्यावर ती उठली. "पोरांनी पाण्याचा एक जार गच्चीवर उन्हात इसरलाय. सगळे त्या पाण्याला शिव्या द्यायलेत. चालंल का?"

तिने पेला भरून आणला. चहासारखं तापलेलं पाणी. मी दोन पेले प्याले. इतकं चांगलं पाणी कितीतरी दिवसांत प्याले नव्हते.

साडी परत घ्या म्हटलं तर तिने हात झटकले. "ठेवा. परत दिली तर लोक म्हणतील, पुन्हा रुसल्या." बाहेर जाऊन तिने माझा रुसवा गेल्याचं सांगितलं, आजाराचं एक अक्षरही काढलं नाही, आणि चुलतबहिणींच्या खुर्च्या सरळ करायला दोन साड्या काढून आणल्या. अक्षता पडल्या तेव्हा भटजी कंटाळले होते.

पुढे माझे सगळे केमो पार पडले. गाराचा करंट हळूहळू गेला, पायाच्या बोटांचा बधिरपणा मात्र राहिला. चप्पल निसटली तरी कळत नाही. परवा मी बाजारातून आले, तर यजमान दारातच माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "दुसरी कुठंय?" मी खाली पाहिलं. मग आम्ही दोघं रस्ताभर शोधत परत गेलो. भाजीवालीच्या कोथिंबिरीच्या ढिगासमोर चप्पल नीट, गिऱ्हाइकासारखी उभी होती.