ज्याची बाजू मोकळी, त्याचा चहा

महिन्याला एकतीस दिवस असतात म्हणून तक्रार अर्ज करणारा शहरातला मी बहुधा एकटाच दुकानदार असेन. अर्ज चांगला दोन पानी होता. अक्षर माझं, मुद्दे माझे आणि मूर्खपणाही माझाच.

झालं असं, की गुलमंडीच्या मागच्या अंगाला आमचा जो रस्ता आहे, त्यावर तेव्हा सम-विषम पार्किंग होतं. विषम तारखेला गाड्या माझ्या चष्म्याच्या दुकानापुढं लागायच्या, सम तारखेला समोरच्या बाजूला. आता महिना तीस दिवसांचा असला तर कुणाचं काही म्हणणं नाही. पण एकतीसचा आला की एकतीसला गाड्या माझ्या दारात आणि दुसऱ्या दिवशी एक तारीख, म्हणून परत माझ्याच दारात. वर्षातून सात वेळा हा अन्याय मी सोसत होतो. शाळेत गणितात जेमतेम पास झालेल्या माणसाला आयुष्यात एकदाच काहीतरी हिशेबात सापडतं, आणि मग तो गप्प बसत नाही.

समोर मास्टरचं दुकान. शिलाई मशीनचे सुटे भाग आणि दुरुस्ती. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा. खुलताबादची सासुरवाडी, बोलणं निम्मं मराठी, निम्मं दखनी. मी डोळे तपासतो म्हणून तो मला डाक्टर म्हणायचा, तेही असं की ऐकणाऱ्याला कळावं, हा डाक्टर नाही.

दुपारी दोन ते चार आमच्या बाजारात चिटपाखरू नसतं. कन्नडचं, वैजापूरचं गिऱ्हाईक सकाळच्या एसटीनं येऊन गेलेलं असतं, आणि बजाजनगरचे कामगार पाळी सुटल्याशिवाय येत नाहीत. त्या वेळी आमचा चहा असायचा. त्याचा नियम कुणी केला नव्हता, तो पडत गेला होता. ज्याची बाजू मोकळी, त्याचा चहा. विषम तारखेला माझ्या दारात गाड्यांची रांग, म्हणून मास्टरच्या दारात दोन स्टुलं पडायची आणि तो हाक मारायचा, "डाक्टर, आ जाव!" सम तारखेला माझ्या दारात, आणि हाक माझी. असं चौदा वर्षं. कॅलेंडर बघायची गरज नव्हती. हाक आली की विषम, मारायची असली की सम.

बोलायचो काय? काही नाही. तो म्हणायचा, सुई मोडती, धागा तुटता, माणूस मशीनला शिव्या देतो. मी म्हणायचो, माझ्याकडं तर येणारा प्रत्येक जण सांगतो की डोळे चांगले आहेत, अक्षरंच हल्ली बारीक छापतात. मग पुन्हा शांत. मात्र अर्धा तास कुणीतरी समोर आहे, एवढं असायचं.

अर्ज लिहिला तेव्हा मी त्याला वाचून दाखवला होता. तो पूर्ण ऐकून म्हणाला, "मतलब तेरे को साल में सात चाय ज्यादा मिलते मेरे पैसे से. और तू कंप्लेंट करता?"

हे मला सुचलंच नव्हतं. पण तोपर्यंत पोच घेऊन झाली होती.

पुढं वर्षभरानं रस्त्यावर टेप घेऊन माणसं आली. मग पांढरे पट्टे आले. सम-विषम बंद झालं, रस्ता एकेरी झाला, दोन्ही बाजूंना चौकोन आखले आणि तासाला पावती सुरू झाली. माझ्या अर्जानं हे झालं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं. ती योजना सगळ्या बाजारासाठी होती. पण मी ज्याला त्याला, "अर्ज मीच दिला होता," असं सांगत सुटलो होतो. मास्टरलाही सांगितलं. आता ते शब्द मागं कसे घेणार?

योजना वाईट नव्हती, हेही लिहून ठेवतो. आधी आम्ही सगळे दुकानदार ओरडायचो, गिऱ्हाईकाला गाडी लावायला जागा नाही. आणि सकाळी दहाला आपापली स्कूटर ज्या बाजूची तारीख असेल त्या बाजूला लावून रात्री नऊला काढायचो. गिऱ्हाईकाची जागा आम्हीच खात होतो. तासाची पावती सुरू झाल्यावर आमच्या गाड्या आपोआप लांबच्या मैदानात गेल्या, दोनशे पावलं चालायला लागलं, आणि माझ्या दारात खरोखर गिऱ्हाईक उतरायला लागलं. धंदा बरा झाला. पण आता दोन्ही बाजू कायम भरलेल्या. मोकळी बाजूच राहिली नाही.

आणि मोकळी बाजू नाही, तर चहा कुणाचा?

पहिले काही दिवस मी वाट बघितली. वाटलं, मास्टर हाक मारेल. गाड्यांच्या रांगेवरून मला त्याची फक्त टोपी दिसायची. एकदा वाटेत भेटला तेव्हा त्याला माझ्या दुकानात आणून बसवलं. पण चष्म्याच्या दुकानात चारी भिंतींना आरसे. दोन वयस्क माणसं स्वतःला सगळीकडून चहा पिताना बघतायत, हे काही खरं नाही. त्यानं चौथ्या घोटालाच कप ठेवला. त्याच्या दुकानात तर एकच माणूस बसू शकतो, तोही मशीन मांडीवर घेऊन. मग राहिलंच. आठवडा गेला, महिना गेला. दुपारी मी फ्रेमा पुसत बसायचो. पुसलेल्या परत पुसायचो. त्या वर्षी माझ्या दुकानाइतक्या स्वच्छ फ्रेमा शहरात कुठंच नसतील.

कुणी म्हणेल, रस्ता तर वीस फुटांचा, गेला असतास उठून. खरं आहे. पण चौदा वर्षांत बिनहाकेचं आमच्यातलं कुणी ओलांडून गेलं नव्हतं. शिवाय दुपारची ती टोपीही दिसेनाशी झाली होती, आणि मनात खुटखुट होती, की हा रागावलाय. अर्ज मी दिला, फुशारकी मी मारली.

शेवटी एका दुपारी, दोनच्या सुमारास, मी ठरवलं. दारातला दुचाकीचा एक चौकोन रिकामा झाला होता. मी दोन स्टुलं उचलली आणि त्यात मांडली.

पावती फाडणाऱ्या बाई लगेच आल्या. कन्नडकडच्या, धनगर घरातल्या. अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर पदर, आवाज कळप वळवणाऱ्याचा.

"काका, गाडी कुठंय?"

"गाडी नाही. स्टुलं लावायचीत."

"स्टुलाची पावती नाय बुकात."

"दुचाकीची फाडा की. एका तासाची."

त्यांनी वाकून स्टुलांकडं बघितलं. "पाय मोजले तं चारचाकीचा दर लागंल. अन् दोन हायेत."

माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कुणास ठाऊक, त्यांनी दुचाकीची पावती फाडली. "बसा. तासाच्या वर एक मिनिट नाय. साहेब आला तं मी तुमाला वळखत नाय."

मी चहा सांगितला आणि रस्त्यापलीकडं हाक मारली, "मास्टर! या!"

हाक मारताना आवाज चिरकला. वर्षभर न मारलेली हाक.

तो आला. आल्यावर कळलं, की दुचाकीचा चौकोन अरुंद आणि लांब असतो. दोन स्टुलं शेजारी मावत नाहीत. एकामागं एक ठेवायची. मी पुढं, मास्टर मागं, जणू आम्ही एसटीत बसून कुठंतरी निघालोय. डावीकडं एक मोटारसायकल, उजवीकडं दोन.

"क्या डाक्टर," मागून आवाज आला, "अर्जी में ये भी लिखा था क्या?"

मी हसलो. माझ्या पुढं एका स्कूटरचा मागचा दिवा होता, त्याच्याकडं बघून हसलो.

"मास्टर, रागावलात ना माझ्यावर?"

"गुस्सा? नै रे. मैं समझा तेरी बारी है. तू बुलाया नै."

"मी तुमच्या हाकेची वाट बघत होतो."

"हौ," तो म्हणाला. मग चहाचा घोट ऐकू आला. "मग मी दुपारी घरी जायला लागलो. पोती की स्कूल छूटती ढाई बजे. उसको लाता, खाना खाता, थोडा सोता. चार को आता. अच्छा लगता अब. आदत पड गयी."

मी मान वळवायचा प्रयत्न केला. पण मधे मोटारसायकलचा आरसा आला आणि मला मास्टरच्या ऐवजी मीच दिसलो.

"चांगलं आहे," मी म्हणालो. खरंच चांगलं होतं. त्याला मी कसं सांगणार होतो, की तुम्ही परत दुपारी इथं बसा?

थोडा वेळ आम्ही बोललो नाही. पूर्वीही बोलायचो नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं. मग स्टूल सरकल्याचा आवाज आला. माझ्या खांद्यावर त्याचा हात पडला, तेलाचा वास आला. "चलताऊँ. छूट जाएगी वो." आणि गाड्यांमधून अंग चोरून तो निघून गेला. कपात चहा अर्धा होता.

पावतीचा वेळ शिल्लक होता, म्हणून मी बसून राहिलो. मागचं स्टूल रिकामं आहे हे न बघताही कळत होतं. कुणी स्कूटरवाला येऊन, "काका, निघताय का?" असं विचारायचा, आणि मी म्हणायचो, "अजून वेळ आहे." शेवटी बाईच आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "झाला तास, काका." एक स्टूल मी उचललं, दुसरं त्यांनी दारापर्यंत आणून दिलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. दुचाकीचा चौकोन, स्टुलांचे पाय, एसटीसारखं बसणं, सगळं रंगवून. घरात गोष्ट सांगायची माझी जुनी खोड आहे. मला वाटलं, हसेल. ती लसूण सोलत होती. पायांच्या हिशेबाला थोडीशी हसलीही. पुढचं सगळं ऐकून घेतलं. मग पाकळ्या वाटीत टाकत म्हणाली, "उद्यापासून तुमीबी जेवायला घरी या. पोरं शिकायला बाहेर गेल्यापासून दुपारचं मी एकटीच जेवते. मला तर समोर दुकानबी नाही कुणाचं."