दर मंगळवारी एक दगड पुढे

दारू सोडवण्याच्या कामात वीस-बावीस वर्षं काढली असं सांगितलं, की लोक माझ्याकडे दयेने बघतात. "बापरे, केवढं दुःख बघितलं असेल तुम्ही, सिस्टर!" बघितलं ना. पण खरं सांगू? मुरबाडच्या एका शाळेच्या खोलीत दर मंगळवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक भरायची, तिथे मी जेवढं हसले, तेवढं स्वतःच्या लग्नातही हसले नाही. दारू सुटलेला माणूस आधी महिनाभर गप्प असतो आणि मग जो बोलत सुटतो तो थांबतच नाही! एक किस्सा सांगायला जावं तर त्याला धरून चार बाहेर येतात. रिटायर झाल्यावर एकदा आठवत बसले, तर त्यातले निम्मे दामूचे निघाले. म्हणून आज दामूचेच सांगते.

*

पहिला किस्सा माझ्या फजितीचा.

दामू घाटाखालच्या वैशाखरे गावचा. नव्वदच्या दशकात माळशेज घाटातून काळी-पिवळी जीप चालवायचा. एकदा घाट उतरताना एका वळणावर धुक्यातून एक ट्रक चुकीच्या बाजूने समोर आला. दामूने जीप डोंगराच्या अंगाला घातली. मागची सगळी माणसं खरचटण्यावर वाचली. पुढच्या सीटवरचे एक म्हातारे बाबा मात्र गेले. "मागं गर्दी हाय बाबा, पुढं बसा, हवा लागंल," म्हणून दामूनेच त्यांना पुढे बसवलं होतं.

चूक त्याची नव्हती. पोलिसांनी तसं लिहून दिलं, गावाने समजावलं, बाबांचा मुलगा तर स्वतः घरी येऊन सांगून गेला. दामूला काही पटलं नाही. जीप विकली. सणालाही थेंब न घेणारा माणूस सकाळी दात घासायच्या आधी प्यायला लागला. त्याची बायको हौसा वर्षभर थांबली आणि माहेरी निघून गेली. माहेर घाटाच्या वर, ओतूरकडे.

दामू आमच्याकडे आला तो हौसाला परत आणायचं म्हणून. मी तेव्हा नवी होते. नवी म्हणजे पोस्टर घेऊन फिरणारी! त्याच्यापुढे लिव्हरचं चित्र धरलं. डावीकडे गुलाबी लिव्हर, उजवीकडे दारूने काळं पडलेलं. अर्धा तास बोलले. दामूने दोन्ही चित्रं नीट न्याहाळली आणि म्हणाला, "सिस्टर, हे लिव्हर सुधरंल ओ. पण डोळं मिटलं की बाबा दिसतात. त्यांचं काय चित्र हाय का तुमच्याकडं?"

नव्हतं. मी मुकाट्याने पोस्टरची गुंडाळी केली.

*

माझ्याकडून गुण येईना म्हटल्यावर दामूच्या मामाने त्याला भगताकडे न्यायचं ठरवलं. डोळखांबच्या वर एका पाड्यावर सोमाबाबा नावाचे भगत होते. त्यांनी निरोप धाडला, येताना एक कोंबडी आणि एक बाटली आणा, देवाला लागते.

माझं डोकंच फिरलं! आठ दिवस कोरडा राहिलेला माणूस, आणि त्याच्याच हातात बाटली? मीही मागोमाग निघाले. मुरबाडहून शहापूर, शहापूरहून डोळखांब, दोन एसट्या आणि पुढे चढण. दामूच्या एका काखेत कोंबडी, दुसऱ्या काखेत बाटली. माझे डोळे बाटलीवर, मामाचे डोळे कोंबडीवर. बाटली न फुटता, न उघडता वर पोचली. माझा मात्र जीव अर्धा झाला होता.

सोमाबाबांनी चार थेंब देवापुढे शिंपडले आणि उरलेली बाटली स्वतःच्या मागे सरकवली. मग बराच वेळ दामूच्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "ह्यो प्यायाला पीत नाय. ह्यो निजाया पितो. आदी ह्याला निजवा, मंग बाटली सोडवा. तुमी उलटं करताव."

ते 'तुमी' माझ्याकडे बघून होतं!

महिन्यातून एकदा ठाण्याहून मानसोपचाराचे डॉक्टर आमच्याकडे यायचे. त्यांना मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते पेन ठेवून म्हणाले, "अगदी बरोबर निदान आहे. कुठल्या कॉलेजचे हे?"

मी म्हटलं, "डोळखांबचे."

*

त्या दिवशी डॉक्टरांनी आमच्या बैठकीच्या सगळ्या मंडळींना बसवून नीट समजावलं. अपघात होऊन जातो, पण शरीराला ते कळत नाही. हॉर्न वाजला की त्याला वाटतं, आला पुन्हा तोच ट्रक. मग झोप नाही, बारीक आवाजाने दचकणं, त्या जागेच्या वाऱ्यालाही उभं न राहणं. अशा वेळी दारू म्हणजे माणसाने स्वतःच शोधलेलं औषध. सुरुवातीला झोप देते, नंतर आहे ती झोपही खाते. म्हणून दोन्हींवर एकदमच इलाज करायचा. मग त्यांनी फळ्यावर आजाराचं नाव लिहिलं, 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर'. फळा पुरला नाही, शेवटचा शब्द खाली आला.

आमच्यात किन्हवलीचे सुभेदार होते. पलटणीतून निवृत्त झालेले, मिशा ताठ, आणि पेन्शनीत आल्यापासून रोजची अर्धी बाटली. ती सोडायला म्हणून आमच्या बैठकीला यायला लागून त्यांना वर्ष झालं होतं. ते उभे राहिले. "साहेब, एवढं नाव घेईपर्यंत माणूस दोन पेग मारून मोकळा व्हईल! आमी ह्याला धसका म्हणतो."

डॉक्टरांनी फळा पुसला आणि लिहिलं, 'धसका'. दोन्ही बाजूंना भरपूर जागा उरली.

दामूला त्यांनी झोपेसाठी गोळ्या दिल्या, बोलतं केलं. पंधरा दिवसांनी तो सलग पाच तास झोपला. त्याच्या म्हातारीला वाटलं, पोराचं काही बरंवाईट झालं. तिने हलवून उठवला आणि दोन शिव्या हासडल्या!

*

आपल्याला दारूचाच आजार आहे, धसका बाकीच्यांना आहे, असं सुभेदारांचं ठाम मत. "फौजी मानूस घाबरत नाय, सिस्टर!"

त्यांच्या पुतणीचं लग्न किन्हवलीला होतं. आम्हा सगळ्यांना आमंत्रण. भर दुपार, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली आणि कुणीतरी मांडवाच्या तोंडाशीच फटाक्यांची मोठी माळ लावली. कान बधिर झाले! धूर विरल्यावर बघते, तर माझ्या शेजारची सुभेदारांची खुर्ची रिकामी.

आहेराच्या टेबलावर चादर घातलेली होती. ती हलत होती. मी वाकून चादर उचलली. आत दामू गुडघे पोटाशी घेऊन आधीच बसलेला, आणि त्याच्या पुढ्यात फेटा, मिशा आणि मेडलांसकट सुभेदार. मी बघतेय याचा दोघांना पत्ताच नाही. सुभेदार दामूला अगदी अदबीने विचारत होते, "सरकताव का जरा?"

पुढच्या मंगळवारी सुभेदारांनी पहिल्यांदाच सीमेवरच्या एका दिवसाबद्दल तोंड उघडलं. दोन तास बोलले. ते मी कुणाला सांगितलं नाही, इथेही सांगणार नाही.

*

आता हौसाची अट. तिच्या गावात वाण्याकडे एसटीडीचा फोन होता. मी लावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "न्यायला त्यांना सोता यायला सांगा. शुद्धीत. दुसऱ्या कोनाला धाडलं तर मी येनार नाय."

अट तशी साधी. पण रस्ता एकच, आणि अपघाताचं ते वळण त्याच रस्त्यावर!

पहिल्यांदा दामू शुद्धीत निघाला. वळणाच्या अलीकडे एसटीत ओरडायला लागला. कंडक्टरने बेल मारली, दामू उतरला आणि घाट उतरून पायी घरी आला. दुसऱ्यांदा त्याने शक्कल लढवली. चढण लागायच्या आधी एक क्वार्टर मारली. वळण कधी गेलं कळलंही नाही. मोठ्या रुबाबात सासऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. हौसाने वास घेतला, भाकरी बांधून हातात दिली आणि आलेल्या एसटीनेच परत पाठवला.

दामू बैठकीत कपाळाला हात लावून बसला. "प्यालो तर बायको येत नाय. नाय प्यालो तर मी पोचत नाय. करू काय मी?"

कुणी हसलं नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाचं असं एकेक वळण होतं.

*

डॉक्टर म्हणाले, "एकदम तिथे नेऊ नका. थोडं थोडं जवळ जायचं. जिथे छाती धडधडेल तिथेच बसून राहायचं, ती शांत होईपर्यंत. पळायचं नाही."

आमच्या मंडळींनी हे फारच मनावर घेतलं. पायथ्यापासून त्या वळणापर्यंत रस्त्याकडेला किलोमीटरचे सहा दगड होते. ठरलं! मंगळवारची बैठक आता घाटात. दर मंगळवारी एक दगड पुढे. एका सभासदाची जीप होती, तिच्यात सतरंजी, चहाचा मोठा थर्मास आणि आम्ही सातजण. दगडाशी सतरंजी टाकायची. मी दामूची नाडी धरून बसायची. नियम एकच, नाडी शंभराच्या खाली आल्याशिवाय कुणालाच चहा नाही.

पहिल्या दगडापाशी वीस मिनिटं लागली. दुसऱ्यापाशी पाऊण तास. तिसऱ्यापाशी तर सगळे वैतागले. "दामू, शांत हो रे बाबा, चाय गार व्हतो!" सुभेदार खेकसले. त्यांच्या खेकसण्याने नाडी आणखी दहाने चढली!

मुंबईचे पर्यटक गाड्या थांबवायचे. "कणीस भाजून मिळेल का?" सुभेदार म्हणायचे, "कणीस नाय. धसका हाय, देऊ?"

चौथ्या दगडावर पोलिसांची गाडी आली. एक जाडजूड हवालदार उतरले. "काय चाल्लंय?" मी म्हटलं, "दारू सोडलेल्यांची बैठक." "घाटात?" त्यांनी थर्मासचं झाकण काढून वास घेतला. मग एक कप घेतला. मग कशासाठी बसलोय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि सतरंजीच्या कडेला टेकले.

पुढच्या मंगळवारी पाचव्या दगडाशी पोचलो, तर साध्या कपड्यात हवालदार आमच्या आधी येऊन बसलेले! म्हणाले, "त्या वळनावरचे सगळे पंचनामे मीच केलेत, सिस्टर. माझी पन नाडी बघा."

*

सहावा दगड राहिला होता, आणि हौसाचा निरोप आला. पुढच्या आठवड्यापासून ती तिथल्या बालवाडीत कामाला लागणार. एकदा लागली की परत यायचं नाव नाही. दामूचा चेहरा असा झाला, की मी डॉक्टरांना न विचारताच म्हणून टाकलं, "उद्याच जायचं."

जीपमध्ये पुढे चालवणारा सभासद आणि सुभेदार. मागे मी आणि दामू. त्याचं मनगट माझ्या हातात. पाचवा दगड गेला आणि तो म्हणाला, "मला उतरवा, मी चालत येतो." उतरवला. सुभेदार त्याच्यापुढे लेफ्ट-राइट करत चालले, दामू त्यांच्या पाठीवर नजर रोवून मागे. वळणाच्या पलीकडे पुन्हा गाडीत बसला तेव्हा सदरा घामाने पिळून काढावा असा. पण पोचलो!

हौसा अंगणातच होती. ती सरळ दामूपाशी आली आणि सगळ्या गावादेखत त्याच्या तोंडाशी नाक नेलं. एकदा. पुन्हा एकदा. आणि पिशवी भरायला आत गेली. मला रडू आलं. सुभेदार पलीकडे तोंड करून मिशा पुसत होते.

परत येताना ती आमच्या मधे बसली. दामू तिला हळूच म्हणाला, "त्या वळनाशी आपन उतरू आनि चालत जाऊ." हौसा म्हणाली, "मी काय चालनार नाय. पायात गोळे आलेत."

बाई सकाळपासून अंगणातून घरात आणि घरातून अंगणात, एवढंच चाललेली!

घाट सुरू झाला. खाली धुकं. अपघाताच्या दिवशी जीप उतरत होती तशीच आमची उतरत होती. मी हौसाच्या पाठीमागून हात घालून दामूची नाडी धरली. एकशे वीस. एकशे तीस. मग मोजता येईना. त्याच्या तोंडून आवाज फुटायला लागला. वळण समोर दिसत होतं.

आणि हौसाने पदर तोंडाला लावला. "अगं आई गं! गाडी लागली मला!"

ओ-ओ करत तिने सगळं अंग दामूच्या मांडीवर टाकलं. त्याने माझ्या हातातून मनगट हिसकावलं. "हौसा! काय होतंय गो? पानी देऊ? वाकू नको, थांब, मी धरतो!" एका हाताने तिचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळायला लागला. जोरजोरात, खाली मान घालून. गाडी वळली. सहावा दगड मागे गेला. ती आणखी मोठ्याने ओकाऱ्या काढायला लागली.

माझ्या बाजूने मला तिचं तोंड दिसत होतं. कोरडं ठणठणीत. आणि डोळे टक्क उघडे, रस्त्यावर.

चार-पाच वळणं झाली. दामूचा हात चालूच. मग त्याला एकदम आठवलं. मान वर न करता त्याने विचारलं, "सिस्टर, ते वळान अजून किती लांब हाय?"

सुभेदार सांगायला मागे वळले. त्यांनी तोंड उघडायच्या आत पदराआडून हौसा म्हणाली,

"येईल तवा येईल. तुमी पाठ चोळा!"