चाचांनी तपासलेली खोळ

रविवार, सकाळ. हजर: मी, माझी भाची, तिचा माणसाएवढा डबल बास (व्हायोलिनच्या घराण्यातलं सर्वांत थोरलं वाद्य) आणि नांदेडच्या बाजारातले गादीवाले चाचा.

संध्याकाळी लातूरला भाचीचा कार्यक्रम आहे. मागच्या खेपेला पातळ खोळीतून नेताना बासच्या पाठीला तडा गेला. पुन्हा गेला, तर तो कायमचा मुका होईल. म्हणून चाचांकडून दोन जाड खोळी शिवून घेतल्या, एक फोमची आणि एक कापसाची.

चाचा कुठलीही गादी गिऱ्हाइकासमोर स्वतः झोपून पाहिल्याशिवाय विकत नाहीत. ते चपला काढून फोमच्या खोळीत शिरले आणि मला चेन लावायला लावली.

"ताई, आता ओट्यावरून ढकला."

"चाचा, लागेल तुम्हाला!"

"मला लागलं तं बाजाला बी लागंल. ढकला की!"

आम्ही ढकललं.

"या अल्ला, कंबर गेली! ही न्हाई, दुसरी आना."

कापसाच्या खोळीतून ढकलल्यावर आतून काहीच आवाज आला नाही. घाबरून मी चेन उघडली. चाचा घोरत होते.

"आत्या, हीच घेऊ," भाची म्हणाली.

खोळ ठरली. गाडी दारात उभी आहे. चाचांना बाहेर काढायचं तेवढं बाकी आहे.