इवायाच्या मिशीतला खोपा

दिनेशला रुखमाबाई आधी भेटल्या त्या कानाला. ब्रह्मपुरीहून लग्नाला निघालेली त्याची मोटरसायकल अजून दोन गावं अलीकडेच होती, तोच बाईंचा आवाज धानाच्या बांध्या ओलांडत सामोरा आला. वाटेतली कुत्री भुंकायची थांबली होती. एका बैलानं तर मान टाकून शरणागती पत्करली होती. मंडपात पोचून बघतो तर जेमतेम चार फुटांची म्हातारी, आणि तिच्यापुढं घाम पुसत बसलेला सहा फुटी इवाई, म्हणजे नवरदेवाचा बाप.

इवायाला मंडपात समोर बसवून गाण्यातून शिव्या घालायच्या, ही तिकडची रीत. चाळीस वर्षांत बाईंनी पंचक्रोशीतला एकही इवाई सोडला नव्हता. ज्याच्या वाट्याला शिव्या येत नसत, तो रुसून जेवत नसे.

दिनेशचा गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ ब्रह्मपुरीत मोबाईलच्या दुकानामागं होता. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला जुनी गादी. त्यानं बाईंना तिथं आणून माईकपुढं उभं केलं, तर बाई इकडंतिकडं बघायला लागल्या.

"इवाई कुठी आहे?"

"इवाई कायले पाहिजे, बाई?"

"मंग शिव्या कोनाले देऊ? भिंतीले?"

"मनात आना ना एखादा."

बाईंनी डोळे मिटले. त्यांच्या मनात तेव्हा एकच इवाई होता, नातीचा, मयुरीचा, होणारा सासरा.

'वामनराव इवायाच्या मिशीत गं, चिमणीनं घातला खोपा!'

दिनेशनं त्यावर ढोलकी चढवली आणि गाणं मोबाईलवर सोडून दिलं.

पंधरा दिवसांत वैनगंगेच्या दोन्ही काठांना दुसरं गाणं उरलं नाही. वामनराव बाजारात दिसले की पोरं 'चिव चिव' करायची. मयुरीच्या लग्नाला आठ दिवस असताना त्यांचा निरोप आला, 'मिशी उतरवली आहे. आता सोयरीकही उतरवतो.'

 दिनेशनं गाणं काढून टाकलं, पण तोवर ते हजार मोबाईलांत जाऊन बसलं होतं. तो बाईंना घेऊन वामनरावांच्या गावच्या काळीपिवळी जीपमध्ये बसला. गाडीतही तेच गाणं.

"बंद करा ना, भाऊ."

"काऊन? हिट आहे!" ड्रायव्हरनं आवाज वाढवला.

बाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला. "मयुरीच्या हाताले मेंदी लागाची आहे," एवढंच म्हणाल्या. दिनेशला त्या चार फुटांच्याही वाटेनात.

वामनराव ओसरीत बसले होते. मिशीच्या जागी कातडीचा पांढरा पट्टा. पाणी आलं नाही. दारात प्रणित, नवरदेव, खाली मान घालून उभा.

"मांडवात समोर बसवून धुतलं असतं, तं मान होता माहा," वामनराव म्हणाले. "तुमी पाठीमागून गावाले वाटलं."

"भिंतीपुढं गायली, इवाई. चुकलं."

"चुकलं म्हनल्यानं मिशी येते का?"

 आता लग्न मोडलंच, असं दिनेशला वाटलं. तेवढ्यात बाईंनी पदर कमरेला खोचला, ओसरीसमोर उभ्या राहिल्या आणि वामनरावांच्या डोळ्यांत डोळे घालून तेच गाणं धरलं. वर नवीन कडवं जोडलं.

'खोपा मोडला, चिमणी रडली गं, ओठ दिसते सोललेलं रताळं!'

दिनेशनं आपल्या चपला कुठं आहेत ते बघून ठेवलं. वामनराव हलले नाहीत. बाई गायच्या थांबल्या.

आणि आतून, चुलीजवळून, वामनरावांच्या बायकोचा आवाज आला.

'रुखमा इहिनीच्या तोंडाले गं, कुलूप नाई का कडी!'

शिव्यांची परतफेड झाली. सोललेलं रताळं हसू दाबता दाबता थरथरलं.

"पानी आना रे," वामनराव म्हणाले. "पन मांडवात पुरं म्हनाचं, बाई. समोर."

"म्हनीन."

लग्न ठरल्या दिवशी लागलं. रुखमाबाई पदर खोचून वामनरावांसमोर उभ्या राहिल्या. डीजेवाला म्हणाला, "तुमी काऊन त्रास घेता, बाई? आपल्याजवळ आहे ना!" आणि त्यानं दिनेशच्या स्टुडिओतलं तेच रेकॉर्डिंग लावलं. बाईंना पहिल्या पंगतीत जेवायला बसवलं.